साचा तोच, रंग नवा

1950 साली शिकागोतल्या ब्रेयर मोल्डिंग कंपनीकडे मास्टरक्राफ्टर्स या घड्याळं करणाऱ्या कंपनीने एक घोडा मागितला. दिवाणखान्यातल्या घड्याळाशेजारी उभा राहील असा, पाठीवर काऊबॉयचं खोगीर असलेला. काम झालं आणि घोड्याचा साचा ब्रेयरकडेच राहिला. मग गिऱ्हाईक विचारू लागलं, घड्याळ राहू द्या, नुसता घोडा मिळेल का? 1943 मध्ये सुरू झालेली ही कंपनी तोवर दुसऱ्यांसाठी प्लास्टिकच्या वस्तू ओतून देत होती. या एका घोड्याने तिचा धंदा बदलला. क्रमांक 57, ‘वेस्टर्न हॉर्स’. अमेरिकेतल्या नमुनेदार घोड्यांच्या छंदाचा इतिहास सांगायचा तर तो या घोड्यापासूनच सांगावा लागतो.

‘नमुनेदार’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण खेळणं म्हटलं की चित्र चुकतं. ब्रेयरचा ‘ट्रॅडिशनल’ आकाराचा घोडा खऱ्या घोड्याच्या एक-नवमांश मापाचा असतो, साधारण नऊ इंच उंच आणि फूटभर लांब. त्याहून लहान ‘क्लासिक’ एक-द्वादशांश मापाचा, आणि मुठीत मावणारा ‘स्टेबलमेट’ एक-बत्तिसांश मापाचा. मुलांसाठी ते बाजारात येतात हे खरं, पण ते जपतात, विकतात, त्यांच्या जन्मकुंडल्या मांडतात ती माणसं मोठी आहेत आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत. लहानपणी घोडा हवा होता, अंगण नव्हतं, पैसे नव्हते, म्हणून प्लास्टिकचा घोडा आला आणि तो पन्नाशीपर्यंत सोबत राहिला, अशा कहाण्या या छंदात जागोजाग ऐकू येतात.

गेल्या चाळीसेक वर्षांत या छंदाचं केंद्र सरकलं आहे. नवा घोडा, म्हणजे नवं शिल्प, क्वचित येतं. दरवर्षी शेकड्यांनी येतात ते नवे रंग. जुनाच साचा, त्यावर आजवर न दिलेला रंग, आणि ‘एवढेच केले, पुन्हा करणार नाही’ हे वचन. या वचनासाठी लोक रांगा लावतात, विमानं पकडतात, पगार खर्च करतात. यात मोल नेमकं कशाचं आहे? रंगाचं, संख्येचं, की घोड्याचं?

आधी साच्याचं अर्थकारण पाहू. शिल्पकार घोडा घडवतो, त्यावरून धातूचा दोन अर्धांचा साचा बनतो, आणि तो साचा फार महाग पडतो. सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिक वितळवून त्यात दाबाने भरतात. निघालेल्या अर्ध्या भागांना जोडून, सांधे घासून, गुळगुळीत करून घोडा रंगकामाला जातो. फवाऱ्याने पाया, पांढऱ्या पायांसाठी बाकीचं अंग झाकून ठेवणं, मग डोळे, नाकपुड्या, खूर हाताने. एकदा साचा झाला की पन्नास वर्षं तो घोडे देतो, आणि त्या प्रत्येक घोड्याचा रंग वेगळा असू शकतो. शिल्पकार क्रिस हेस यांनी 1980 च्या दशकापर्यंत ब्रेयरचे बहुतेक घोडे घडवले. त्यांच्या हातचे साचे आजही नवनव्या रंगांत बाजारात येतात. पहिला रंग ज्यांनी पाहिला त्या मुली आता आज्या झाल्या आहेत.

इथे एक खटकणारी गोष्ट बोलायला हवी. शिल्पकाराचं नाव संग्राहकांना पाठ असतं, पण रंग देणाऱ्या हातांचं नाव कुठेच छापलेलं नसतं. ब्रेयरचं रंगकाम कित्येक वर्षं चीनमधल्या कारखान्यांत होत आलं आहे. ज्या छंदाचा सगळा भर रंगावर, त्यात रंगारीच अनाम असावा, हे मला पटत नाही.

जुन्या रंगांपैकी जे आज सोन्याच्या भावाने विकले जातात ते आपल्या काळात पडून राहिलेले रंग आहेत. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रेयरने काही घोडे शोभेच्या, म्हणजे ‘डेको’ रंगांत काढले. ‘वेजवुड ब्लू’ म्हणजे सरसकट निळा, ‘कोपनहेगन’ म्हणजे निळ्यावर पांढरे ठिपके, ‘गोल्डन चार्म’ म्हणजे झळकता सोनेरी, ‘फ्लोरेन्टाइन’ म्हणजे सोनेरीवर ठिपके. आयाळ, शेपूट आणि पाय पांढरे. मस्टँग, फायटिंग स्टॅलियन, फाइव्ह-गेटर, धावणारी घोडी आणि तिचं शिंगरू अशा साच्यांवर हे रंग चढले. नावांवरूनच कळतं की कंपनीच्या डोळ्यांसमोर चिनी मातीची भांडी आणि दिवाणखाना होता. पण दिवाणखान्यात नेणारा शौकीन प्लास्टिक घेईना आणि घोडा हवा असलेल्या मुलीला निळा घोडा नको होता. रंग बंद झाले. थोडे विकले गेले म्हणून थोडे उरले, आणि थोडे उरले म्हणून आज ‘डेको’ हा शब्द उच्चारला की संग्राहक सावरून बसतो. यातली विरळता कोणी ठरवून केलेली नव्हती. ती अपयशातून आली, आणि माझ्या मते तिचं वजन म्हणूनच वेगळं आहे.

ठरवून केलेली विरळता पुढे आली. सीअर्स, जेसी पेनी यांसारख्या दुकानांच्या नाताळच्या सूचीपत्रांत नेहमीच्या घोड्यांचे खास रंगांतले संच येऊ लागले. त्यांना ‘स्पेशल रन’ म्हणत, संग्राहकांच्या बोलीत ‘एसआर’. 1984 मध्ये रीव्हज इंटरनॅशनलने ब्रेयर विकत घेतली आणि कंपनी शिकागोहून न्यू जर्सीत आली. आज तिचं ठाणं मॉरिस काउंटीतल्या पेक्वानॉक इथे आहे. याच काउंटीतल्या पार्सिपनीत मराठी घरं भरपूर आहेत, आणि घरापासून काही मैलांवर हे घोड्यांचं जग आहे याची त्यांतल्या अनेकांना कल्पना नसेल.

1990 मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला, केंटकी हॉर्स पार्कमध्ये पहिला ‘ब्रेयरफेस्ट’ भरला. त्या वर्षाचा खास घोडा होता ‘डॉ. पीचेस’. तो फार लॅप या जुन्या शर्यतीच्या घोड्याच्या साच्यावर काढला होता. फार लॅप सुरंग, म्हणजे सगळाच तांबूस, डॉ. पीचेस कुमेत, म्हणजे तांबूस पण काळ्या आयाळीचा. देह एकाचा, ओळख दुसऱ्याची. पुढच्या सगळ्या उद्योगाचं सूत्र त्या एका घोड्यात आलं होतं. आता दर जुलैत हजारो माणसं तिथे जमतात. तिकिटाबरोबर एक खास घोडा मिळतो, ठरावीक वेळेच्या रांगेत आणखी काही घेता येतात, आणि लिलावात एकमेव रंगाचे घोडे हजारो डॉलरला जातात. कंपनीचा मंडप सोडून आसपासच्या हॉटेलांत गेलं तर आणखी एक जत्रा दिसते. विकणारे खोल्यांची दारं उघडी ठेवतात आणि पलंगांवर घोडे मांडून बसतात. मजल्यामजल्यावर फिरत, वाकून प्रत्येक घोड्याचे कान, खुरांची टोकं, पोटाखालचे ओरखडे तपासत माणसं सौदे करतात. 2020 आणि 2021 साली साथीमुळे हा सोहळा घरबसल्या झाला, घोडे विकले गेले, पण पलंगांवरची ती जत्रा झाली नाही.

वेगळी वाट धरली ती पीटर स्टोन यांनी. ब्रेयरच्या संस्थापकांपैकी सॅम स्टोन यांचे ते चिरंजीव. 1996 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, इंडियाना राज्यातल्या शिपशेवाना या गावी. साचे मोजके, रंग अगणित, आणि रंगकाम तिथेच. एकेका रंगाचे काही डझन, कधी अगदी एकच. गिऱ्हाईक स्वतः रंगाची कल्पना सांगून आपला घोडा रंगवून घेऊ शकतं. स्टोनच्या घोड्यांचं शिल्प सगळ्यांना आवडत नाही, मलाही काही घोड्यांची मान आखूड वाटते. पण रंगकामातली हिंमत निर्विवाद आहे. ठिपक्यांची चमक, पांढऱ्या डागाची कडा त्वचेखालून उमटल्यासारखी धूसर, अंगावर छटांचे थर. एक रंग समजून घ्यायला कारखान्यात वेळ देता येतो तेव्हा काय होतं, ते या घोड्यांवर दिसतं.

आता मूळ मुद्दा, रंग. मराठीत या विषयावर लिहिताना मला एक सोय आहे. घोड्याच्या रंगांची आपल्याकडे जुनी, पक्की शब्दसंपत्ती आहे. बरीचशी फारसीतून दख्खनच्या फौजांत आली आणि इथेच रुळली. कुमेत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. सुरंग म्हणजे अंग आणि आयाळ दोन्ही तांबूस. मुश्की काळा, सब्जा करडा-पांढरा, अबलख पांढऱ्यावर मोठे डाग असलेला, समंद पिवळसर अंगाचा आणि काळ्या पायांचा. चार पाय आणि तोंडावर पांढरं असेल तो पंचकल्याणी. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात आजही पंचकल्याणीला वेगळा भाव मिळतो, अंगावरचे भोवरे बोट ठेवून मोजले जातात. रंग हा घोड्याचा वरचा पोशाख नाही, तो त्याच्या लायकीचा भाग आहे, ही समजूत त्या बाजारात प्रत्येकाला असते.

विज्ञानाने अलीकडे या समजुतीचं मूळ शोधलं. घोड्याचे रंग मुळात तीन, सुरंग, कुमेत आणि काळा. सुरंग कशाने होतो ते जनुक 1996 मध्ये सापडलं, कुमेत आणि काळ्याला वेगळं करणारं 2001 मध्ये. एक ‘क्रीम’ जनुक आलं की सुरंगाचा सोनेरी पालोमिनो होतो आणि कुमेताचा समंदासारखा फिकट, काळ्या पायांचा घोडा. तेच जनुक दोन्ही पालकांकडून आलं तर जवळजवळ मलईच्या रंगाचा, निळ्या डोळ्यांचा घोडा जन्मतो. करडा घोडा जन्मतः करडा नसतोच. तो काळा, तांबडा, कसाही जन्मतो आणि वर्षांगणिक पांढरा होत जातो. या बदलामागचं जनुक 2008 मध्ये ओळखलं गेलं. शिवाय या करडेपणासोबत त्वचेवर गाठी होण्याचा धोका वाढतो. अबलख घोड्यांतल्या ‘फ्रेम’ प्रकाराचं जनुक दोन्ही पालकांत असेल तर चारांत एक शिंगरू पांढरंफटक जन्मतं आणि आतड्याच्या मज्जातंतूंची वाढ न झाल्याने काही दिवसांतच जातं. ॲपलूसा जातीचे सुंदर ठिपके देणारं जनुक दोन्ही बाजूंनी आलं तर त्या घोड्याला रात्री दिसत नाही.

हे सगळं प्लास्टिकच्या घोड्याशी काय देणं लागतं? खूप काही. संग्राहक या शोधांच्या मागोमाग गेले आणि कारखान्यांनाही जावं लागलं. पूर्वी ब्रेयर ‘चारकोल’ नावाचा रंग काढत असे, काळं अंग आणि पांढरी आयाळ-शेपूट. घोडेवाले हसत, असा घोडा नसतो म्हणत. आता ‘सिल्व्हर’ जनुक ठाऊक आहे. ते काळ्या घोड्याला चॉकलेटी छटा आणि पांढुरकी आयाळ देतं. चारकोल हुबेहूब तसा नाही, पण वाटलं होतं तेवढा खोटाही नाही. शॅम्पेन, पर्ल, पाठीवर काळी रेघ आणि पायांवर पट्टे असलेला डन हे रंग आता नमुनेदार घोड्यांवर नेमकेपणाने येतात, कारण घेणारा ते तपासू शकतो. पायावरचा पट्टा चुकीच्या ठिकाणी असेल तर ते कोणाच्या तरी लक्षात येतंच.

हे तपासणं प्रदर्शनांत होतं. आधी छायाचित्रं टपालाने पाठवून स्पर्धा होत, मग टेबलांवर घोडे मांडून प्रत्यक्ष. उत्तर अमेरिकेत या प्रदर्शनांची ‘नॅम्सा’ नावाची संघटना आहे. तिच्या मान्यताप्राप्त प्रदर्शनात पहिल्या दोन क्रमांकांना राष्ट्रीय स्पर्धेचं पत्र मिळतं. घोड्याची जात मालकाने जाहीर करायची असते, आणि मग परीक्षक विचारतो, या जातीत हा रंग असतो का? काळ्या फ्रिजियन जातीचा म्हणून पालोमिनो मांडला तर तो बाद. म्हणून लोक घोड्याशेजारी छोटं कार्ड ठेवतात, त्यावर जातीची माहिती आणि त्या रंगाच्या खऱ्या घोड्याचं चित्र. अवास्तव रंगांसाठी वेगळे वर्ग असतात, आणि ते असायलाच हवेत. निळा घोडा सुंदर असू शकतो, त्याने खऱ्या घोड्याशी स्पर्धा करू नये एवढंच.

मी स्वतःला पटलेलं मत इथे मांडतो. मर्यादित संख्येच्या नव्या रंगात दोन प्रकार आहेत. एकात रंग त्या साच्याबद्दल काहीतरी नवं सांगतो. मानेची जी वळणं गडद रंगात दिसत नव्हती ती ठिपक्यांत दिसतात, म्हातारा घोडा करड्यात खरोखर म्हातारा दिसतो. दुसऱ्यात रंग केवळ पुढचा आकडा असतो, संच पुरा करण्यासाठी काढलेला. कितीही कमी संख्येने काढला तरी हा दुसरा घोडा मला घ्यावासा वाटत नाही.

संख्येबद्दल मात्र कडक बोलायला हवं. ‘मर्यादित’ हा शब्द कधी काही डझनांसाठी वापरतात, कधी काही हजारांसाठी, कधी एका वर्षात जेवढे खपतील तेवढ्यांसाठी. दिलेल्या तारखेपर्यंत जितके मागवले तितके काढणं हे प्रामाणिक आहे, पण त्याला संख्येची मर्यादा म्हणता येत नाही. त्याहून त्रासदायक आहे बंद पाकिटांचा प्रकार. आत कोणता घोडा आहे ते दिसत नाही, एखाद्या पाकिटात दुर्मिळ रंग असतो, आणि तो हवा म्हणून मूल दहा पाकिटं मागतं. ब्रेयरफेस्टमध्येही आधी न दाखवलेल्या घोड्याच्या काही रंगछटा कमी-जास्त प्रमाणात वाटल्या जातात. मोठ्या माणसाने डोळे उघडे ठेवून ते घ्यावं, हरकत नाही. लहान मुलांच्या मालात मात्र हे नको, असं मला ठामपणे वाटतं. आठ वर्षांच्या मुलाला घोडा आवडायला शिकवायचं की पाकीट फोडायला, हा निर्णय कंपनीचा आहे आणि ती चुकीचा घेते आहे.

भावांबद्दल थोडक्यात. दुकानातला ट्रॅडिशनल घोडा साधारण 50-60 डॉलरला मिळतो. खास रंगाचा घोडा हातोहात दुप्पट-तिप्पट होतो, आणि त्यांतले बरेच दोन-तीन वर्षांनी पुन्हा खाली येतात. टिकतात ते जुने डेको आणि ‘टेस्ट कलर’, म्हणजे कारखान्याने एखादाच रंगवून पाहिलेला आणि नंतर न काढलेला घोडा. गुंतवणूक म्हणून या छंदात उतरणाऱ्याला मी परावृत्त करेन.

कारण माल नाशवंत आहे. सेल्युलोज ॲसिटेट हेच द्रव्य जुन्या चित्रपटांच्या फितीतही वापरलं जात असे, आणि फितींना लागतो तोच रोग घोड्यांनाही लागतो. द्रव्य विघटन पावतं, व्हिनेगरचा वास येतो, अंग आकसतं किंवा फुगतं, चिकट स्राव येतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही घोड्यांत हे विशेष दिसतं. पांढरे घोडे पिवळे पडतात. संग्राहक त्यांना खिडकीच्या उन्हात ठेवून पिवळेपणा घालवतात, आणि तेच ऊन बाकीच्या रंगांना उडवतं. कपाटाच्या काचेमागे कायमचा सुरक्षित राहील अशी कल्पना करून कोणी घोडा घेऊ नये.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्यामुळे हा छंद नुसत्या खरेदीच्या पलीकडे जातो. ओरखडे पडलेले, कान तुटलेले घोडे ‘बॉडी’ म्हणून स्वस्तात विकले जातात. काही जण ते घेऊन पाय गरम करून वाकवतात, आयाळ नवी घडवतात, आणि रंग स्वतः देतात. पेस्टलची पूड, तैलरंग, एकेक केसाची रेघ. काही कलाकार मूळ शिल्प स्वतः घडवून रेझिनमध्ये मोजक्या प्रती ओततात आणि त्या न रंगवता विकतात, रंग घेणाऱ्याने द्यायचा. कारखान्याच्या रंगकामाची पातळी गेल्या तीस वर्षांत वाढली त्याचं मोठं श्रेय मी या टेबलावर बसून काम करणाऱ्या माणसांना देतो. करडा घोडा खरा कसा दिसतो ते त्यांनी आधी रंगवून दाखवलं, कारखाने मागून आले.

कंपन्यांना माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मर्यादित आवृत्तीच्या डब्यावर नेमकी संख्या छापा, आणि ज्या हातांनी रंग दिला त्या कारखान्याचं, शक्य असेल तिथे रंगाऱ्याचंही नाव द्या. चित्राखाली चित्रकाराची सही असते, इथेही असावी.

आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. घर विकत घेतलंत आणि पोटमाळ्यावर आधीच्या मालकाने विसरलेला प्लास्टिकचा घोडा सापडला, किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन डॉलरला दिसला, तर आधी मागच्या पायाची आतली बाजू पाहा. तिथे गोल शिक्क्यात ब्रेयर कंपनीचं नाव असू शकतं. तो निळा किंवा सोनेरी असेल तर मुलाला रंगवायला देऊ नका, थिनरने पुसू नका. मऊ कोरड्या कापडाने धूळ झटका, आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवेपर्यंत उन्हापासून दूर ठेवा.